बांगलादेशला जमतं मग तुम्हाला का नाही म्हणणाऱ्यांसाठी

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. बांगलादेशसारखा एवढासा देश जगाला कपडे पुरवतो, आपले गारमेंटवाले मात्र रडत बसतात, यांना कष्ट नकोत सबसिडी हवी, अरे घरात मशीन टाका आणि ऑनलाइन थेट अमेरिकेला विका. सोलापुरात आमचं युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, 18 मशिनी, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी बांगलादेश. माणसं कष्टाळू आहेत, वादच नाही. पण गरीब देश म्हणून 2001 पासून त्यांचा माल युरोपात झीरो ड्युटीने जातो आणि आपल्या कपड्यांवर 9 ते 12 टक्के लागत आलेत. आमच्यासारख्याला सगळं सुरळीत झालं तर सुटतात 4-5 टक्के, मग हा फरक काय रात्रपाळी करून भरायचा? आणि तिथलं कौतुक करताना राणा प्लाझा पण आठवा की, ढाक्याजवळची गारमेंट कारखान्यांची ती इमारत कोसळली, एप्रिल 2013, आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते तरी लोकांना आत कामावर बसवलं, 1100 हून जास्त माणसं गेली.

आता 'थेट अमेरिकेला'. 800 डॉलरच्या आतल्या पार्सलला तिकडे ड्युटी नव्हती हे खरंय, पण ती सवलत 29 ऑगस्ट 2025 ला गेली, आपल्या पोस्टाने तर त्याआधीच अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं ते ऑक्टोबर अर्धा होईपर्यंत. ऑगस्टच्या त्याच आठवड्यात तिकडे भारताच्या मालावर जादा टॅरिफ 50 टक्के झालं, बांगलादेशवर होतं 20. यात तिरुपूरच्या, म्हणजे तमिळनाडूतल्या त्या कपड्यांच्या गावच्या, शिलाईवाल्या बाईचा आळस कुठे आला?

सबसिडीचं सोडा हो, खरं दुखणं उधारीचं, ते फॉरवर्डमध्ये नाहीच. कापड रोखीने, पगार दर शनिवारी, बायरचे पैसे 90 दिवसांनी. आम्ही एकदा एका मर्चंटमार्फत, म्हणजे आमच्याकडून माल घेऊन बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत, आखातात 1200 शर्ट दिले, चार-पाच कॉलरच्या फ्युजिंगला (आत चिकटवलेल्या कडक कापडाला) बुडबुडे आले तर पठ्ठ्याने अख्ख्या लॉटवर 15 टक्के कापले, माल तिकडे पोचलेला, परत आणायचं भाडं शर्टापेक्षा जास्त, भांडणार कुणाशी? आणि हे फक्त आमच्यासारख्या छोट्यांचं असंही नाही, 2020 च्या मार्चमध्ये मोठमोठ्या ब्रँडांनी त्याच बांगलादेशच्या 3 अब्ज डॉलरच्या आसपास ऑर्डरी रद्द केल्या किंवा लटकवल्या, त्यात शिवून तयार झालेला मालही होता.

फॉरवर्ड करणाऱ्याने एकदा शनिवारी संध्याकाळी युनिटवर यावं, पगार वाटायच्या टायमाला, चहा माझ्याकडून.