सरसकट बंधारे घालून किनारा वाचत नाही हो

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीपण ठेवला. पण त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राचे किल्ले आहेत आणि त्यांचं दुखणं रायगड-राजगडापेक्षा वेगळं आहे, ह्यावर फारसं कोणी बोललंच नाही. विजयदुर्गाच्या तटाचा भाग ऑगस्ट २०२० मध्ये ढासळला तेव्हा चार दिवस फोटो फिरले आणि मग सगळे गप्प.

माझं म्हणणं एवढंच आहे की किल्ल्याला आणि पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, दगडी बंधाऱ्याचं एकच औषध देणं बंद करा.

सिंधुदुर्ग कुरटे बेटाच्या खडकावर उभा आहे, १६६४ ला काम सुरू झालं, पायात शिसं ओतलं वगैरे आपण शाळेपासून ऐकतोय, तो काही जागचा हलणार नाहीये. त्याला दुरुस्ती लागते, तीपण चुन्यात, दरवर्षी, सांधे भरायचे, तटात घुसलेली वड-पिंपळाची मुळं वेळेत काढायची, म्हणजे एकदम कंटाळवाणं काम, ज्याची फीत कापता येत नाही. (जवळच मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभा केलेला शिवाजी महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये पडला, त्यावर भांडून झालंय, इथे कमेंटमध्ये परत नको प्लीज.)

वाळूचं मात्र सगळंच वेगळं. ती मुळात एका जागी राहातच नाही. पावसाळ्यात लाटा पुळण ओढून आत नेतात आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतात, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालापण माहितेय. आता तिथे काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातला की लाट त्यावर आपटते, मागे फिरते आणि जाताजाता पायथ्याची वाळू खरवडून नेते, आणि बंधारा जिथे संपतो त्याच्या पुढची जागा आणखी जोरात खचायला लागते, मग पुढची वाडी म्हणते आम्हालापण द्या, मग तिच्या पुढची, असं करत करत अख्खा किनारा दगडाचा. कासवाची मादी दगडांवर चढून अंडी घालू शकत नाही. आणि रापणीवाले (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे) एक काका मला म्हणाले तसं, "पुळणच गेली तर रापण खंय ओढूची?" ह्याला काय उत्तर देणार.

बंधारा मागणाऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये हां. मालवणजवळच्या देवबागला जाऊन बघा, एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माणसांची घरं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा तिथल्यांनी काय बघितलं असेल ते पुण्यात बसून मी सांगू नये. पण त्याच संगमावर जे 'सुनामी आयलंड' म्हणून पर्यटक फोटो काढतात ती हीच फिरती वाळू आहे, आणि नद्यांनी आणलेली जी वाळू किनाऱ्याला मिळायची ती खाडीतच सक्शन पंप लावून उपसली तर पुढे पोचणार काय? वरून उपसा चालू आणि खाली बंधाऱ्याचं टेंडर. कमाल आहे.

सिंधुदुर्ग पुरातत्त्ववाल्यांचा, त्याच्या भोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून वनखात्याचं, जेटी मेरीटाईम बोर्डाची, बंधारा पतन (म्हणजे बंदर) विभागाचा, वाळू महसूलची. समुद्र एकच आणि साहेब पाच, आणि प्रत्येकाची फाईल वेगळी.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला बघा ना. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने काम सुरू केलं, तेव्हापासून गावकरी कासवाची अंडी उचलून कुंपण केलेल्या सुरक्षित जागेत नेऊन पुरतात, पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. समुद्राशी भांडण नाही, जे हलवता येतं ते हलवलं. हेच आपण माणसांच्या बाबतीत बोलायला घाबरतो, कारण मागे सरका म्हटलं की लोकांना वाटतं जमीन लाटायचा डाव आहे, आणि तसे डाव झालेत म्हणूनच वाटतं. म्हणून सरकायचं तर त्याच गावात, होडी दिसेल एवढ्या अंतरावर जागा द्या, दहा किलोमीटर आत कॉलनी बांधून मच्छीमाराला तिथे टाकू नका. रिसॉर्टवाल्यांना मात्र हा न्याय अजिबात नको, त्यांनी पुळणीवर बांधलंय ते स्वतःच्या जोखमीवर बांधलंय.

आणि काही गोष्टी जाणारच आहेत, हे एकदा मोठ्याने बोला. काठावरची छोटी देवळं, जुन्या विहिरी, वाळूत अर्धे गाडलेले दगड, ह्यांचे निदान फोटो, मापं, म्हाताऱ्यांकडून कळणारी माहिती आत्ताच नोंदवून ठेवा, त्याला कोट्यवधी लागत नाहीत, कॉलेजची पोरं करतील.

तुमच्या ग्रामसभेत बंधाऱ्याचा ठराव आला तर हात वर करायच्या आधी विचारा की ह्याने शेजारच्या वाडीचं काय होणार, आणि उत्तर पतन विभागाकडून लेखी घ्या.