अपघातवाल्याचं रक्त लागलं म्हणून एड्स होत नाही

दोन दिवसापासून आपल्या पारोळा-एरंडोलकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की हायवेला अपघात झालेल्याला हात लावू नका, त्याचं रक्त अंगाला लागलं की एड्स होतो आणि वरून पोलीस केस मागे लागते. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत भाऊ.

एचआयव्ही, म्हणजे एड्सचा व्हायरस, धडधाकट कातडीतून आत जातच नाही. तुमच्या हाताला ताजी जखम आहे आणि तिच्यात रक्त गेलं, नाहीतर डोळ्यात-तोंडात उडालं, तरच धोका, तोही थोडाच. तसं झालंच तर जखम साबण-पाण्याने धुवा, डोळे नुसत्या पाण्याने, आणि लगेच, फार तर 72 तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा, एचआयव्ही लागू नये म्हणून 28 दिवसांच्या गोळ्या असतात. काळजी खरी हेपटायटिस बी (रक्तातून लागणारी लिव्हरची कावीळ) ची घ्या, तो व्हायरस सुकलेल्या रक्तात पण 7 दिवस टिकतो, पण त्याची लस आहे, ट्रक-टेम्पोवाल्यांनी तर घेऊनच ठेवावी. हातमोजे नसले तर प्लास्टिकची पिशवी हातात घाला.

पोलिसांचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलंय, चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची सक्ती पण नाही.

रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कपडा, रुमाल, उपरणं जे असेल ते दाबून धरा, मान हलवू नका, 108 लावा. तो मेसेज दिसेल तिथे हे पण टाका.