मे महिन्यात नका येऊ, गड्ड्याला या

आमच्या घरी पुण्यामुंबईची माणसं वर्षातनं दोनदा येतात. दिवाळीला आणि मे महिन्यात. दिवाळीचं ठीक आहे ओ, पण मे? पारा ४३-४४ वर, अकरा वाजले की रस्त्यावर चिटपाखरू नाही, पाण्याची ओरड, आणि घरात सगळे कूलरसमोर ओळीनं आडवे. असाच आडवा पडून धाकट्या दिरांच्या मुलानं मला विचारलं, "काकू, तुमच्या सोलापुरात बघण्यासारखं काय आहे?"

'तुमच्या' हा शब्द जरा लागलाच. अरे बाळा, तुझा बाप इथल्याच बोळात विटी-दांडू खेळत वाढला. पण मी त्याला संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिर दाखवलं, भुईकोट किल्ल्यातनं फिरवलं, येताना चादरीचं दुकान. दीड तासात सोलापूर संपलं. दुसऱ्या दिवशी पोरगं परत कूलरसमोर.

त्याचा काही दोष नाही. बोलावणाऱ्यांचाच आहे. सोलापूरचे बरे दिवस येळअमावस्येपासून रंगपंचमीपर्यंत, आणि नेमक्या त्याच दिवसात आपण कुणाला बोलावत नाही. वर आपणच बॅगा भरून महाबळेश्वरला नाहीतर गोव्याला. जून २०२५ मध्ये एवढी वर्षं वाट बघून विमान सुरू झालं, तर पहिलं कुठं गेलं? गोव्याला! मी टीव्हीसमोर बसून हसत होते. विमान तिकडनं इकडंही येतं, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

येळअमावस्या म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडं येळवस. पुण्यातल्या जावेला हा सण असतो हेच माहीत नव्हतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, पलीकडं लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा झाली की जेवण. भज्जी म्हटलं की बाहेरच्यांना कांदाभजी वाटते. आमची भज्जी म्हणजे तूर, पावटा, हरभरा, मिळेल ती हिरवी भाजी आणि पालेभाजी एकत्र शिजवून, बेसन लावून, चिंच घालून केलेली दाटसर गोष्ट. तिला दुसरं नाव नाही. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या मडक्यातली आंबील. माझ्या माहेरी आंबील आदल्या दिवशी करून ठेवायची, म्हणजे दुपारपर्यंत तिला नेमका आंबटपणा चढतो. दोन वाट्या पिऊन ज्वारीच्या सावलीत जी झोप लागते, तिच्यासाठी रिसॉर्टवाले किती पैसे घेतील सांगा. आणि एक, ह्या जेवणाला आमंत्रण लागत नाही. बांधावरनं जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. त्यामुळं 'आमची ओळख नाही कुणाशी' हे कारण चालणार नाही.

मग हुरडा. इथं मला माझी फजिती सांगायलाच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी पुण्याचे आठजण आले होते, तर म्हटलं जरा थाटात करू. शहराबाहेर एका ठिकाणी माणशी पैसे भरून 'हुरडा पार्टी' बुक केली. गेलो तर दारात वेलकम ड्रिंक, आत डीजे, जेवणात पनीर, आणि हुरडा? स्टीलच्या डब्यातनं वाटीवाटीनं वाढला! गार. कुठं भाजला, कधी भाजला, देव जाणे. आगटी होती, पण तिच्याभोवती लोक फोटो काढत होते, कणीस एकही नव्हतं. जावेनं वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, "छान आहे, मक्यासारखं लागतं." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

दुसऱ्याच रविवारी ह्यांच्या ऑफिसातल्या एकांच्या रानात गेलो, मंगळवेढ्याकडं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या काळ्या रानात पाटाचं पाणी न देता, नुसत्या ओलीवर मालदांडी जातीची ज्वारी उभी राहते. पण हुरड्याला त्यांनी बांधाकडच्या चार ओळी वेगळ्या पेरलेल्या, गुळभेंडीच्या. त्यांच्या आई आगटीपुढं बसल्या होत्या. गोवऱ्यांचा जाळ पार खाली बसून निखारा राखेखाली गेला, तेव्हाच त्यांनी कणसं आत खोचली. मधेच एक काढून नाकाजवळ नेलं, परत खोचलं. मग बाहेर काढून गरम कणीस दोन तळव्यात धरलं आणि असं चोळलं की दाणे खाली, फोलपट वर. एक फुंकर. पोपटी दाणे, कुठंकुठं करपलेला ठिपका, वाफ निघतेय. "घ्या की वो, गार झाल्यावर काय चव?" म्हणाल्या. हातावरनं हातावर. सोबत शेंगाची चटणी, दही, गूळ. बोलायला कुणी मोकळं नव्हतं. जाऊबाईंनी मला फक्त एकदा कोपरानं ढोसलं आणि डोळ्यानं विचारलं, त्या दिवशी ते काय होतं?

हे पीठ धरायच्या आधीचे दहा-पंधरा दिवस असतात एका रानाचे. दाणा टणक झाला की संपलं. म्हणून म्हणते, मे महिन्यात विचारू नका.

आता गड्डा, म्हणजे आमच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वरांची, संक्रांतीची यात्रा. ह्याच्यावर लिहायचं म्हणजे मला थांबवावं लागेल.

१२ जानेवारीला सोलापूर आधी हुतात्म्यांपुढं उभं राहतं. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना १९३१ मध्ये ह्याच दिवशी फाशी दिली. तुम्ही ज्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला ये-जा करता, ते हुतात्मे हेच. आणि दुसऱ्या दिवशी, १३ ला, सिद्धरामेश्वरांची यात्रा सुरू. पहिला विधी यण्णीमज्जन. शब्द कानडी आहे, यण्णी म्हणजे तेल आणि मज्जन म्हणजे स्नान. बाराव्या शतकात सिद्धरामांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, त्यांना सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, दिवसभर फिरवून तैलाभिषेक घालतात. मी लहान असताना आजीबरोबर पाच-सहा लिंगं गाठायची आणि दमून कुठल्यातरी ओट्यावर बसायची. अजूनही आमच्या मागच्या गल्लीतल्या लिंगाजवळ वर्षभर स्कूटर लावलेली असते, त्या एका दिवशी रांगोळी.

१४ ला अक्षता सोहळा. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, त्याचं हे दरवर्षीचं लग्न. दुपारी तळ्याकाठच्या संमती कट्ट्याजवळ उभं राहायला जागा नसते. पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, त्यात लिंगायत, मराठा, तेलुगू पद्मशाली, मुसलमान फुलवाला, सगळे. नंदीध्वज हे नुसतं मिरवायचं काम नाही. तीसेक फुटाची काठी, कमरेला पट्टा बांधून एकट्यानं पेलायची. पेलणारा समोर बघतच नाही, त्याची नजर शेंड्यावर. काठी इकडं झुकली की तो अर्धं पाऊल तिकडं. भोवतीचे त्याला वाट करून देतात, खड्डा आला की ओरडतात. मानेच्या शिरा दोरीसारख्या. ह्याचा सराव महिनामहिना आधी रात्री चालतो, नोकरीधंदा करून आलेली पोरं असतात. आणि मग 'सत्यम सत्यम' ऐकू आलं की चारी बाजूंनी तांदूळ. केसात, कॉलरमध्ये, कानात. घरी येऊन आंघोळ केल्यावर मोरीत अक्षता सापडतात.

१५ ला होम मैदानावर होमविधी, नंतर वासराची भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, गाजर, बोरं मांडतात, ते कशाला तोंड लावतं, बुजतं का, ह्यावरनं पाऊसपाणी आणि महागाई सांगतात. मी शिकलेली बाई आहे, माझा विश्वास नाही. पण दुसऱ्या दिवशी पेपर उघडला की आधी तीच बातमी वाचते. १६ ला शोभेचं दारूकाम, १७ ला कप्पडकळी, नंदीध्वजांची वस्त्रं उतरवायची.

विधी संपले तरी मैदानावरचा गड्डा पुढं चालूच असतो. पाळणे, मौत का कुआ, बांगड्या, बटाटेवडे, धूळ. मौत का कुआमधल्या पोरानं गाडी वर घेतली की फळ्या अशा थरथरतात, की आपण कठडा धरलेला हात काढत नाही. आमच्या ह्यांनी एकदा दहाची नोट पुढं केली, त्यानं चालत्या मोटारसायकलवरनं ती उचलली. 'लाइव्ह परफॉर्मन्स' म्हणून पुण्यात हजार-हजाराची तिकिटं काढता ना? या एकदा.

नाटकाचंही बोलते, कारण तिथं दुखतं. हिवाळ्याच्या तोंडाला हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची हौशी नाटकं होतात. नाव नसलेली पोरं, कर्ज काढून केलेला सेट, चहाच्या पैशातलं तिकीट. ह्यातलं एखादं नाटक असं काही निघतं की रात्रभर डोक्यातनं जात नाही. डॉ. जब्बार पटेल इथल्याच हरिभाई देवकरण प्रशालेत शिकले, फय्याज इथल्या, अतुल कुलकर्णी इथल्या हौशी रंगभूमीवरनंच पुढं गेले. २०२४ च्या जानेवारीत शंभराव्या नाट्यसंमेलनाचा एक टप्पा सोलापुरात झाला, अध्यक्ष जब्बार पटेलच, तेव्हा मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि स्पर्धेच्या नाटकाला मागच्या दहा रांगा रिकाम्या. का? तर आपल्याला पास पाहिजे. सोलापूरकराला तिकीट काढायचा कमीपणा वाटतो. आमचे हेसुद्धा आधी फोन फिरवतात, "पासचं बघा की जरा." मी आता त्यांना सांगून टाकलंय, पास मिळाला तर तुम्ही जा, मी तिकीट काढून बसते. दोनदा वेगळं बसलोय आम्ही.

माघात काय काय आहे ते भराभर सांगते. वसंत पंचमीला पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न, आणि तिथनं रंगपंचमीपर्यंत देव पांढऱ्या पोशाखात, अंगावर गुलाल. आषाढीच्या रेटारेटीत ज्यांनी फक्त कळस पाहिला त्यांनी हे दिवस धरावेत. उजनीचं पाणी ओसरून काठ उघडे पडले की रोहित पक्षी येतात. पुण्याचे लोक भिगवणला जाऊन बघतात, तेच पाणी करमाळ्याच्या अंगानं आपल्याकडंही आहे आणि तिकडं गर्दी नाही. मला स्वतःला विचाराल तर हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेचा संगम, साडेतीनशेवर मुखं कोरलेलं शिवलिंग, आणि शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख. जे वाचेल ते विजयी होईल, अशा अर्थाचं त्यात कोरलंय. मी बोट फिरवत वाचायचा प्रयत्न केला. एक अक्षर लागलं नाही, पण उन्हात दगड कोमट होता आणि नदीवरनं वारा येत होता. मे महिन्यात त्या दगडाला हात लावून दाखवा.

फेब्रुवारीत शिवजयंती. पूर्वी मंडळांचं लेझीम बघायला आम्ही गॅलरीत जागा धरून बसायचो, शंभर-शंभर पोरं एका ठेक्यात. मधल्या काळात डीजेनं त्याचा घास घेतला, खिडक्यांच्या काचा हादरायच्या. २०२५ मध्ये शहरानं डीजेविरुद्ध आवाज उठवला, त्या सभांना आमच्या बिल्डिंगच्या सगळ्या बायका गेलो होतो. लेझीम परत पूर्वीसारखं बघायला मिळालं तर पाहुण्यांना मी स्वतः स्टेशनवर घ्यायला येईन.

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. शाळा असतात, जानेवारीत सुट्टी नाही. खरंय. पण दोन वर्षांपूर्वी तुम्हीच मुलांच्या शाळा बुडवून जानेवारीतच मनालीला गेला होता, फोटोला मी लाइक केलंय. मे महिन्याचे पंधरा दिवस नकोत मला. त्यातले चार संक्रांतीला द्या. हवं तर मेमध्ये आम्ही पुण्याला येतो, तुमच्या एसीत बसायला.

तर यंदा १२ ला रात्रीच पोचायचं, १३ ला पहाटे उठायचंय. वंदे भारतनं या नाहीतर हुतात्मानं, दोन्ही मध्यरात्रीच्या आत आणून सोडतात. बाराबंदी आणू नका, शिंप्याला मापं फोनवर सांगा, शिवून ठेवते. वरच्या खोलीत आठ गाद्या घातल्यात. पहाटे गारवा असतो, पण पांघरुणाची काळजी नको. चादरी आहेत.