‘उकडलेलं चिकन-भात हा मांजराचा पूर्ण आहार’ : खुलासा

‘मांजराला रोज उकडलेलं चिकन, थोडा भात आणि गाजर द्या, बाकी काही लागत नाही’ असा मेसेज फिरतोय. पोट बिघडल्यावर एक-दोन दिवस हे चालतं. रोजचा आहार म्हणून मात्र तो अपुरा आहे, आणि ते लवकर लक्षात येत नाही, कारण मांजर आवडीने खातं, वजनही टिकतं.

सगळ्यात मोठी उणीव कॅल्शियमची. 100 ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस सुमारे 200 मिलिग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम 10-15. मांजराला दोन्ही जवळपास सारखी, किंबहुना कॅल्शियम थोडं जास्तच लागतं. कमी पडलेलं कॅल्शियम शरीर हाडांतून काढून घेतं. वाढत्या पिल्लांची हाडं मग साध्या उडीनेही मोडू शकतात.

दुसरी उणीव टॉरिनची. टॉरिन म्हणजे मांसात असणारं, मांजराला आहारातूनच मिळावं लागणारं एक पोषक द्रव्य. ते पाण्यात उतरतं. चिकन उकडलेलं पाणी फेकून दिलं की त्याचा बराच भाग गेला. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू कमजोर होतात. हृदयाशी असलेला हा संबंध 1987 मध्ये संशोधनातून पुढे आला. गेलेली दृष्टी परत येत नाही.

गाजरातून मांजराला अ जीवनसत्त्व मिळत नाही. ते कलेजीतून मिळतं, पण रोज भरपूर कलेजी दिली तर तेच अंगावर येतं.

घरचंच द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहिलेली कृती घ्या. त्यात कॅल्शियम आणि टॉरिन किती, हे वेगळं लिहिलेलं हवं. ‘चिमूटभर’वाली कृती नको. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.