‘उचल’ला जगाने केव्हाच नाव दिलंय

आज २ डिसेंबर, आंतरराष्ट्रीय गुलामगिरी निर्मूलन दिन. सकाळपासून तुटलेल्या साखळ्यांची चित्रं येतायत. आमच्या तालुक्यातल्या एका चांगल्या शिकलेल्या मित्राने त्यावर लिहिलंय, "नशीब, आपल्याकडे आता हे राहिलं नाही." त्याच्या उसात आत्ता बीडची ऊसतोड मजुरांची टोळी आहे. डोकंच फिरलं माझं.

मी सातवीत होते. रानाच्या कडेला टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडलेल्या. त्यातली एक मावशी आमच्या म्हशीला वाढं टाकून जायची. एकदा तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. "एवढं वाचून दाव गं, बाय." मुकादमाचा, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचा, हिशेब होता. गेल्या सालची बाकी, औंदाची उचल म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे, खाडे. मी वाचत गेले, ती पेरांवर मोजत गेली. मग म्हणाली, "म्हंजी फुडल्या सालीबी यावंच लागतंय." मी खुशीत म्हटलं, "या की!" मला ती फार आवडायची.

संयुक्त राष्ट्रांचा १९५६ चा करार पुढे कधीतरी वाचनात आला. गुलामीसारख्या प्रथांच्या यादीत कर्जाची वेठ पहिलीच. केलेल्या कामाचं वाजवी मोल कर्जातून वजा होत नसेल, किंवा काम कसलं आणि किती दिवस याला हद्दच नसेल, तर ती वेठ. जिनिव्हात बसलेल्या माणसांनी मावशीचा कागदच वाचला होता जणू! आपला वेठबिगारीविरोधी कायदाही १९७६ चा. तरी आपण म्हणतो, हा तर व्यवहार आहे.

हो, उचल घेऊन टोळी येतच नाही, असंही होतं. माझ्या चुलत्याचे पैसे बुडालेत. मान्य. म्हणून माणूस डांबून ठेवायचा? बायकापोरांना अडकवायचं?

नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेबात दोघं मिळून एकच. उचल त्याच्या नावावर, अंगठा त्याचा. मावशीचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं. पहाटे चारला फडात उतरायची मात्र तीच, पाचटाने हात कापलेले, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभरात आधुनिक गुलामीत अडकलेल्या ५ कोटी माणसांचा आकडा आहे, त्यातले २ कोटी ८० लाख सक्तीच्या मजुरीत. २०३० पर्यंत हे संपवायचं जगाने ठरवलंय. ब्रिटनने २०१५ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांना मालाच्या साखळीत गुलामी रोखायला काय केलं, ते दरवर्षी जाहीर करायला लावलं. चांगलंच आहे. पण आपल्याकडे ही साखळी मुकादमापाशी येऊन तुटते. कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत, शेतकरी म्हणतो आमचे नाहीत. मग ती कोणाची रे? ऊस आपला, साखर आपली, आणि ती तेवढी मुकादमाची?

चिडून लिहायला बसले होते, आता नुसतं वाईट वाटतंय. ती परत येणार म्हणून मला आनंद झाला होता, तो आठवतो.

आज आमच्याही फडात टोळी आहे. दुपारी एक पोरगी कळशी घेऊन पाण्याला आली. तिला नाव विचारलं, शाळा विचारली. हिशेबाचा कागद आहे का, हे विचारायला तोंड उघडलं नाही. उद्या संध्याकाळी कोपीवर जाणार आहे.