ग्रीन्सबर्गच्या 'फुकट विजे'त खरं किती?

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्गबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतो: टोर्नेडोनं हे गाव भुईसपाट केलं, मग पुण्याच्या सुझलॉननं पवनचक्क्या उभारल्या, आता गाव ग्रिडशिवाय शंभर टक्के वाऱ्यावर चालतं, वीजबिल येत नाही, घरं कुठल्याही वादळाला दाद देत नाहीत आणि गेलेली माणसंही परत आली. भुईसपाट झालं, हे खरं आहे. 4 मे 2007 च्या रात्री सुमारे 2.7 किलोमीटर रुंदीचा ईएफ-5, म्हणजे सर्वात तीव्र श्रेणीचा टोर्नेडो गावावरून गेला आणि जवळपास 95 टक्के गाव नष्ट झालं. पुढचं मात्र एकेक करून तपासावं लागतं.

'ग्रिडशिवाय.' साफ चूक. गावाबाहेर 1.25 मेगावॅटच्या 10 पवनचक्क्या आहेत, एकूण 12.5 मेगावॅट. त्या सुझलॉनच्याच बनावटीच्या. प्रकल्प मात्र ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डियरच्या ऊर्जा कंपनीनं उभारला आणि पुढे तो एक्सेलॉन या अमेरिकी वीज कंपनीकडे गेला. इथली वीज ग्रिडमध्येच जाते, कारण त्याशिवाय गाव चालणारच नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. सेकंदाला 3-4 मीटरपेक्षा मंद वाऱ्यात अशी चक्की वीज देत नाही, आणि 25 मीटरच्या आसपास वारा गेला की ती बंद ठेवावी लागते. पडलेल्या वाऱ्याच्या दुपारी गावातले एसी ग्रिडच्याच विजेवर चालतात.

मग 'शंभर टक्के' कुठून आलं? तो वर्षाचा हिशेब आहे. वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या 40 टक्के वीज मिळाली असं धरलं, तर 4 कोटी 38 लाख युनिट होतात. अमेरिकेतल्या साधारण 4,000 घरांना ती पुरतील. गावाला वर्षाला लागणारी वीज याहून कितीतरी कमी आहे. कौतुकाचीच गोष्ट आहे, पण तिचा ग्रिड सोडण्याशी संबंध नाही.

'बिल येत नाही.' येतं. खांब, तारा, रोहित्रं, दुरुस्ती यांचा खर्च वारा भरत नाही.

'घरं वादळाला दाद देत नाहीत.' हा दावा धोकादायक आहे, कारण तो वाचून कुणी तळघरात जायचं टाळेल. 4,000 चौरस फुटांहून मोठ्या पालिका इमारती लीड प्लॅटिनम दर्जाच्याच बांधायच्या, असा ठराव गावानं केला; खासगी घरांवर तो बंधनकारक नव्हता. शिवाय लीड हा पर्यावरणाचा दर्जा आहे, वादळाचा नव्हे. मजबुती येते ती फोमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या भिंतींनी. दोन फोमपट्ट्यांमध्ये सळया बांधायच्या आणि तासाला साधारण 1.2 मीटर उंचीपर्यंतच काँक्रीट भरायचं; घाई केली तर दाबानं साचा फुटतो. भिंत उत्तम झाली तरी छप्पर, खिडक्या आणि त्यांचे जोड कच्चे दुवे राहतात. ईएफ-5 मध्ये वारा ताशी 320 किलोमीटरच्या पुढे असतो. तेव्हा भरवसा तळघराचा किंवा खास सुरक्षित खोलीचाच.

'माणसं परत आली.' जनगणना पाहा: 2000 साली 1,574, 2010 मध्ये 777, 2020 मध्ये 740. गळती टोर्नेडोच्या कितीतरी आधीची आहे. यंत्रं मोठी झाली तशी एकेका कुटुंबाच्या ताब्यात जास्त शेती आली, कामाला हात कमी लागू लागले, दुकानांचं गिऱ्हाईक घटलं. त्यात जुनं, स्वस्त घर गेलेल्यांना विम्याच्या पैशात नवं घर परवडेलच असं नव्हतं, आणि भाडेकरूंना थांबायला घरंच उरली नव्हती. चालू झालेल्या पवनचक्क्यांना देखभालीपुरतीच माणसं लागतात. त्यांच्या जोरावर निम्मं गाव परत येणं शक्य नव्हतं.