शांतता पुरस्काराच्या इच्छुकांस काही सूचना

ज्या वाचकांना आंतरराष्ट्रीय शांतता पुरस्कार मिळविण्याची इच्छा असेल, त्यांनी प्रथम शांततेचा नाद सोडावा आणि एखादे मोठे पद पटकवावे. पदाशिवाय शांतता साधणाऱ्यांचे काय होते, हे गुजरातेत राहणाऱ्यांना तरी सांगावे लागू नये. गांधीजींचे नाव १९३७ ते १९४८ या काळात पाच वेळा नोबेल समितीपुढे गेले. अखेरच्या खेपेस, त्यांच्या हत्येनंतर, हयात व्यक्तींत कुणी योग्य नाही असे सांगून समितीने त्या वर्षीचा पुरस्कारच राखून ठेवला. गांधीजींकडे ना खाते होते, ना सैन्य. दोष त्यांचाच म्हणायचा.

हे मार्गदर्शन करण्याची प्रेरणा मला गेल्या आठवड्यात मिळाली. आमच्या दांडिया बाजार भागातील एका लोकप्रतिनिधींना परदेशातील कुठल्याशा संस्थेने 'विश्व शांतिदूत' ठरविले, आणि त्या आनंदात रात्री उशिरापर्यंत डीजेसह मिरवणूक निघाली. खिडक्यांची तावदाने थरथरू लागली, तेव्हा मी खाली उतरून आवाज कमी करण्याची विनंती केली. "काका, साहेबांना शांतीचा पुरस्कार मिळाला आहे, आज तरी कटकट करू नका," असे एका कार्यकर्त्याने मला समजावले. साहेबांनी कोणते भांडण मिटविले, हे मात्र मिरवणुकीत नाचणाऱ्या कुणालाही सांगता आले नाही.

इच्छुकांनी नामांकनाचे महत्त्व ओळखावे. कोणत्याही देशाच्या संसदेचा सदस्य नोबेलसाठी नाव सुचवू शकतो, त्यामुळे एखादा मित्रदेश गाठला की काम भागते. १९३९ मध्ये एका स्वीडिश खासदाराने उपरोधाने हिटलरचे नाव सुचविले होते आणि नंतर ते मागे घेतले. उपरोध चालतो तिथे खुशामत का चालू नये?

घाईही करावी. बराक ओबामा यांनी २० जानेवारी २००९ रोजी पदाची शपथ घेतली आणि त्या वर्षीच्या नामांकनांची मुदत १ फेब्रुवारीला संपली. काम करून दाखविण्याची वाट पाहिली असती, तर वर्ष वाया गेले असते. त्यांनी निदान त्या वर्षीचे नोबेल स्वीकारताना ऑस्लोच्या व्यासपीठावर आपली कामगिरी तोकडी असल्याचे मान्य केले. तो संकोच आपण टाळावा.

ऑस्लोने दाद दिली नाही, तर दुसरा पुरस्कार काढावा. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये स्टालिनच्याच नावाने शांतता पुरस्कार सुरू केला होता, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फिफाने पहिलाच शांतता पुरस्कार डोनाल्ड ट्रम्प यांना अर्पण केला.

थांबविण्यासाठी एखादे युद्ध हाताशी असावे. ते आपणच चालविलेले असेल, तर उत्तमच. व्हिएतनाम युद्धातले अमेरिकेचे मुत्सद्दी हेन्री किसिंजर यांचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. डिसेंबर १९७२ मध्ये हनोईवर बॉम्बवर्षाव, जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसचा युद्धबंदी करार आणि त्याच वर्षी नोबेल, असा हा सुटसुटीत क्रम आहे. त्यांच्याबरोबर ज्यांची निवड झाली ते उत्तर व्हिएतनामचे ले डुक थो यांनी, व्हिएतनाममध्ये शांतता अजून आलेलीच नाही, असे सांगून पुरस्कार नाकारला. समितीच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. युद्ध चालूच राहिले, आणि एप्रिल १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली. बरे, त्यावरून कुणी काही शिकावे, तर २०१९ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद यांना, एरिट्रियाशी समेट केला म्हणून, हेच पदक दिले गेले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्यांनी आपल्याच देशातील टिग्रे प्रांतात सैन्य उतरविले, आणि ज्या एरिट्रियाशी समेट केला होता, त्याचे सैनिकही टिग्रेतल्या लोकांवर तुटून पडले. गावेच्या गावे उपाशी राहिली, माणसे मेली, स्त्रियांवर अत्याचार झाले, आणि हे सगळे घडत असताना पदक त्यांच्याकडेच होते. कारण नोबेलच्या नियमांत दिलेला पुरस्कार परत घेण्याची सोयच नाही! माणूस सत्तेवर असताना, त्याच्या हाती सैन्य असताना, उद्या तो काय करील याची कसलीही हमी नसताना त्याला शांततेचे प्रशस्तिपत्र देणाऱ्यांनी पुढे घडलेल्या प्रकाराचा जाब कुणाला द्यायचा?

आता हा सल्लागाराचा आव पुरे झाला. सगळेच नेते अपात्र असतात, असे मी म्हणत नाही. इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात शत्रू इस्रायलशी समेटासाठी जेरुसलेमला गेले आणि त्या धाडसाची किंमत १९८१ मध्ये त्यांनी प्राण देऊन मोजली. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये इजिप्त आणि इस्रायलचा समझोता घडविला, तेव्हा पुरस्कार सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना मिळाला. कार्टर यांना तो २००२ मध्ये, पद सोडून दोन दशके निवडणुकांवर देखरेख करण्यात, तंटे सोडविण्यात आणि आफ्रिकेतल्या रोगनिर्मूलनात घालविल्यावर मिळाला. हीच रीत योग्य आहे. पदावर असलेल्या कोणत्याही नेत्याला शांततेचा पुरस्कार देऊ नये. पद सुटल्यावर किमान दहा वर्षे थांबावे, आणि केलेला करार तोवर टिकला आहे का, हे पाहावे.

आणि तुम्हीही ऐका. संस्था कोणती, तिच्या मागे कोण आहे, यातले काहीही न विचारता तुम्ही अभिनंदनाच्या फलकावर 'शुभेच्छुक' म्हणून स्वतःचा फोटो छापून घेता, वर्गणी देता, हार घेऊन रांगेत उभे राहता. तुमची ही रांग आहे म्हणूनच असले पुरस्कार विकत मिळतात. लाज वाटत असेल, तर पुढच्या फलकावरून स्वतःचे नाव काढून घ्या.